ओ द्यायची नाही

तनिष कावेरीला 'आई' म्हणतो हे मला माहीत होतं. चारचौघांत ते पहिल्यांदा निघालं जर्मनीत, हॉटेलच्या ब्रेकफास्टला, मृणालिनीसमोर.

मृणालिनी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, दत्तप्रसादच्या बॉसची बायको. ती दुबईत राहते, आम्ही अबुधाबीला, खलिफा सिटीत. कंपनीचं हेड ऑफिस जर्मनीत आहे. जुलैत तिथे चार दिवस मीटिंगा होत्या, आणि आमच्याकडे शेहेचाळीस डिग्री होतं, म्हणून या खेपेला बायकापोरांनाही नेलं. तनिषला सांभाळणाऱ्या कावेरीलाही नेलं. तिच्या व्हिसासाठी पत्रं, फोटो, स्टेटमेंटं गोळा करण्यात माझे तीन आठवडे गेले. पण साडेतीन वर्षांच्या मुलाला परक्या देशात एकटीने सांभाळायची माझी छाती नव्हती. मी भित्री आहे. तनिष झोपला की अजूनही त्याच्या नाकाखाली बोट धरून बघते.

"काय रे," मृणालिनीने त्याला विचारलं, "तुझी आई कुठेय?"

तो माझ्या शेजारीच बसला होता. त्याने हातातला चमचा उचलला आणि थेट बुफेकडे रोखला. तिथे कावेरी पेला घेऊन उभी होती.

"देअर. आई इज गेटिंग माय मिल्क."

मृणालिनीला ठसकाच लागला. "अगं बाई! शुभ्रा, तुझं पद गेलं की गं! नऊ महिने वागवलंस तू आणि किताब तिला?"

"त्याला मी मम्मा आहे," मी हसत म्हटलं. "नर्सरीवाल्यांनी सांगितलं होतं, एका माणसाने एकच भाषा बोला. मी इंग्लिश बोलते, म्हणून मम्मा."

"हो ना. म्हणजे 'आई' शब्द तू रिकामाच ठेवलास. मग कुणीतरी येऊन बसणारच त्याच्यात."

कावेरी दूध घेऊन आली, तनिषच्या गळ्यात रुमाल बांधला, आणि आम्ही दोघी तिच्याकडे का बघतोय हे न कळून पदर नसताना पदर सारखा केल्यासारखा ड्रेसचा गळा सारखा केला. मृणालिनी म्हणाली, "थँक यू हं, आईसाहेब." तनिष खदखदून हसला. मीही हसले. पुढचा सबंध दिवस ते हसणं माझ्या तोंडात कडू होऊन राहिलं.

दुसऱ्या दिवशी पुरुष मीटिंगला गेले की आम्ही बायकांनी डोंगरावरचा राजवाडा बघायला जायचं ठरलं होतं. निघायच्या आधी मी कावेरीला हॉटेलच्या पॅसेजमध्ये बोलावलं. तनिष आत टीव्हीवर जर्मन कार्टून बघत होता. त्याचे पाय दिसतील एवढं दार मी उघडं ठेवलं.

"त्याला आई म्हणायला तू शिकवलंस का?"

"नाय हो वहिनी!" ती चपापलीच. "माझ्या संजनाचा फोन येतो तेव्हा माझ्या मांडीवर बसलेला असतो ना तो. कधी म्हणायला लागला मलाच कळलं नाय."

"आजपासून ते बंद. त्याने आई म्हटलं की ओ द्यायची नाही. बघायचंसुद्धा नाही. कावेरी म्हणेल तेव्हाच बोलायचं."

"एवढंसं पोर हो ते."

"एवढंसं आहे तोवरच सवय सुटते."

"रडला तर?"

"रडला तरी."

"आणि समजा..."

"काहीही झालं तरी, कावेरी. तुला जमतं का ते आज मला बघायचंय. मग परत गेल्यावर तुझ्या व्हिसाचं बोलू."

मी एचआरमध्ये नोकरी करते. असं वाक्य कसं टाकायचं ते मला येतं. त्यात धमकी कुठेच नसते, पण ऐकणाऱ्याला ती बरोबर सापडते. कावेरीचा व्हिसा पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला संपत होता. ईदपासून तिने तीनदा विचारलं होतं. तिची मुलगी संजना गुहागरहून चिपळूणला जाऊन बी. फार्म करत होती, दुसरं वर्ष संपत आलं होतं. "अजून दोन वर्षं मला ठेवा, वहिनी. मग तुम्ही राहा म्हणालात तरी मी नाय राहायची." हे ती हसत सांगायची, आणि मी दर वेळी 'बघू' म्हणायची. नाही म्हणायचं माझ्या मनात नव्हतं. पण हो म्हटलं की माणसं सैल पडतात असा माझा अनुभव.

कावेरीने दाराच्या फटीतून तनिषच्या पायांकडे बघितलं. "जमवते," ती म्हणाली.

डोंगराच्या पायथ्यापासून वर जायला छोटी बस होती. बाहेर इतकं हिरवं होतं की माझे डोळे दुखायला लागले. एका कुंपणाआड तीन घोडे होते.

"आई, लुक! हॉर्सेस!"

कावेरीने मान दुसऱ्या खिडकीकडे वळवली.

"आई." त्याने तिची बाही ओढली. "आई? आई, हॉर्सेस वेंट."

"से कावेरी, बेबी," मी म्हटलं. "से कावेरी, अँड शी विल लुक."

त्याने माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी खुळचट बोलल्यासारखं. "यू से कावेरी," तो मला समजावत म्हणाला. मग पुन्हा तिच्याकडे वळून, थोडं मोठ्याने, म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं, "आ-ई."

पुढच्या सीटवरून मृणालिनीने मान वळवली. "हा काय प्रकार?"

मी सांगितलं. सांगायला नको होतं. तिचा चेहरा एकदम उजळला. "अय्या, सॉलिड! आमच्या कुत्र्याला अस्संच ट्रेनिंग दिलं होतं. चुकीचा आवाज काढला की इग्नोर. पण खरं सांग, ट्रेन कुणाला करतेयस, त्याला की तिला?" मग कावेरीला, "काय गं, ऐकू येतंय ना तुला? का दोन्ही कान बंद केलेस?"

"ऐकू येतंय, मॅडम," कावेरी खिडकीला म्हणाली.

"मी मोजते," मृणालिनी म्हणाली. "आतापर्यंत किती झाले? पाच."

राजवाड्यात शिरताना एका मोठ्या पेटीत करड्या लोकरी सपाता ठेवल्या होत्या. लाकडी जमिनीवर ओरखडे पडू नयेत म्हणून बुटांसकट पाय त्यांत सरकवायचे आणि उचलायचे नाहीत, घसरत चालायचं. सगळ्यात लहान जोडही तनिषला होडीएवढा झाला. एरवी कावेरी खाली बसून त्याचे पाय आत घालती. आज तो पाय पुढे करून उभा राहिला आणि "आई, शूज," म्हणाला. ती आपल्याच सपातांकडे बघत राहिली. शेवटी मी वाकले. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो तिच्याकडेच बघत होता.

"सहा," मृणालिनी म्हणाली.

वाटाड्या म्हणून एक उंच, वाळका माणूस होता, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आमच्या घोळक्यात दहा-बारा जण. तो इंग्लिश बोलायचा ते एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखं. पहिलं दालन पांढरं आणि सोनेरी. दुसऱ्यात भिंतभर आरसे. तिसऱ्यात नुसती चिनी मातीची भांडी, छतापर्यंत, ज्यांतून कधी कुणी काही खाल्लं नव्हतं. एरवी मी अशा ठिकाणी रमते. कॉलेजात माझा इतिहासच होता. त्या दिवशी मी काहीच बघितलं नाही. मी बघत होते कावेरीची मान.

आरशांच्या दालनात तनिषला घसरण्याची मजा कळली. "आई! आय ॲम स्केटिंग! आई, सी मी!" तो आरशांत वीस-वीस ठिकाणी घसरत होता. कावेरीची मान वळायला लागली आणि मध्येच थांबली. पण समोरही आरसाच होता. तिने डोळे मिटून घेतले.

"बघ बघ, कान लाल झालेत तिचे," मृणालिनी माझ्या कानात म्हणाली. "तेरा."

त्यानंतर त्याच्या हाका बदलल्या. आधी तो सांगायला हाक मारत होता. आता ती आहे का हे तपासायला मारत होता. एकदा हळू. एकदा भिंतीकडे तोंड करून. एकदा तिच्या ड्रेसच्या कापडात तोंड खुपसून. मग त्याने तिचं बोट धरलं. कावेरीने ते सोडवून घेतलं. झटकलं नाही; त्याची बोटं एकेक करून उलगडली, झोपलेल्या मुलाच्या मुठीतून खेळणं काढतात तशी.

मग तो माझ्याकडे आला आणि त्याने माझा हात धरला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटलं. मी त्याला कडेवर घेतलं आणि पुढची दोन दालनं मी तिथल्या राणीसारखी चालले.

वरच्या मजल्यावर मुलांची खोली होती. इथल्या डचेसला नऊ मुलं झाली, वाटाड्या सांगत होता. रोज संध्याकाळी सहा वाजता मुलांना अंघोळ घालून, केस विंचरून खाली नेत, आणि ती पाव तास त्यांना भेटे. बाकी वेळ गावातून आणलेली एक दाई. त्याने भिंतीवरच्या फुलाफुलांच्या कागदाला बोट लावलं आणि कागदातलंच एक दार उघडलं. बंद असताना दिसतही नव्हतं. आत बाकाएवढी जागा. "इथे ती झोपायची. हाक आली की लगेच यायला पाहिजे म्हणून."

सगळे वाकून बघायला लागले.

"काय म्हणतो हो, वहिनी?" कावेरीने विचारलं. सकाळपासून पहिल्यांदाच ती आपणहून बोलली.

"काही नाही. जुनं काहीतरी."

तनिष माझ्या कडेवरून सरकून उतरला आणि त्या भोकात शिरला. "आई, कम! इट्स अ स्मॉल हाउस! आई, कम इन!" आतून त्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. घोळक्यातली एक बाई कौतुकाने कावेरीकडे बघून हसली आणि तिला वाट करून द्यायला बाजूला झाली. कावेरी जागची हलली नाही. ती बाई गोंधळली. तिचं हसू तसंच राहिलं, मग गेलं.

मी तनिषला बाहेर ओढलं. तो आता रडत होता, पण आवाज न करता. हे मी त्याचं पहिल्यांदा बघत होते.

"पंचवीस," मृणालिनी म्हणाली. मग जरा वेळाने, "कंटाळा आला बाई. सोड ना आता. जमलं तिला."

जमलं होतं खरंच. तिथेच मी 'शाबास कावेरी, पुरे' म्हटलं असतं तर झालं असतं. पण माझ्या मनात दुसरंच होतं. तिला जमलं होतं. त्याला कुठे जमलं होतं? तो अजून तिलाच हाक मारत होता. मी म्हटलं, "अजून बाग राहिलीय."

बाग डोंगराच्या उतारावर टप्प्याटप्प्याने खाली गेलेली होती. कातरून चौकोनी केलेली झुडपं, मध्ये कारंजी, खडीच्या वाटा. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जायला रुंद दगडी पायऱ्या, कडेला शेवाळ धरलेल्या. वारा चांगला होता. मृणालिनी एका कठड्याला टेकून फोटो काढत होती. कावेरी आमच्या पुढे चालत होती. तिला मी पुढे चालायला सांगितलं नव्हतं, पण मागे राहिली असती तर तो दिसला असता, म्हणून ती पुढे गेली असावी. ती पायऱ्या उतरायला लागली.

तनिषने माझा हात सोडला.

तो पळत सुटला. खडी त्याच्या पायाखाली वाजत होती. "आई! वेट! आई!" कावेरीने मागे बघितलं नाही, पावलं उचलली. त्याला ते कळलं आणि तो आणखी जोरात पळाला. मी त्याच्यापासून पाच-सहा पावलांवर होते. शेवाळ मला दिसत होतं. मी रोज पायऱ्या बघते, कोपरे बघते, प्लगची भोकं बघते, द्राक्षं उभी चिरून देते. मला ते दिसत होतंच. 'तनिष, स्टॉप' एवढं ओरडायचं होतं. पण मला वाटलं, पायऱ्यांपाशी तो थबकेल, एकट्याला उतरता येत नाही, मग मागे वळेल आणि मला हाक मारेल. त्या हाकेसाठी मी थांबले.

तो थबकला नाही.

तिसऱ्या की चौथ्या पायरीवर त्याचा पाय सरकला. कडेच्या दगडी कुंडीवर कपाळ आपटल्याचा आवाज आला, नारळ फोडायच्या आधी ठोकून बघतात तसा. क्षणभर काहीच नाही. मग रक्त, आणि मग ती किंकाळी.

"आई! आई गंऽऽ!"

कावेरी त्याच्याखाली दोन पायऱ्यांवर उभी होती. वळलेली होती. हात लांब केला असता तर पोचला असता. तिने कठडा धरला. दोन्ही हातांनी धरला. आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"वहिनी?" ती म्हणाली.

मला शब्द सुचला नाही. पायही हलले नाहीत. किती वेळ गेला सांगता येत नाही. तीन सेकंद, पाच सेकंद. त्याच्या डाव्या डोळ्यात रक्त उतरलेलं मी बघितलं.

"वहिनी?" तिने पुन्हा विचारलं. तिचा आवाज चिरकला होता.

"अगं उचल ना त्याला! बघतेस काय दगडासारखी!" हे वरून मृणालिनी ओरडली. कावेरीने तिच्याकडे बघितलंच नाही.

खालच्या बाकावरून एक म्हातारी उठून आली, काठी टाकून. तिने त्याला उचललं. स्वतःचा रुमाल त्याच्या कपाळावर दाबला. मग आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघून तिने जर्मनमध्ये आम्हाला झापलं. एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. मग तिने तनिषला विचारलं, अगदी हळू आवाजात, "मामा?" त्यांच्याकडे आईला म्हणतात तसं. "मामा?"

दोघी बायका समोर होत्या. एक दोन पायऱ्यांवर, एक पाच पावलांवर.

तनिषने रक्ताळलेला हात उचलला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. एका क्षणाचाही विचार न करता.

फर्स्ट एडच्या खोलीत नर्सने जखम धुऊन वर बारीक पट्ट्या चिकटवल्या. टाके लागणार नाहीत म्हणाली. कावेरीला मी बाहेर बसायला सांगितलं होतं. तनिष माझ्या मांडीवर होता आणि त्याचं अंग अजून उचक्यांनी हलत होतं.

"आय वॉन्ट आई."

"बेबी, आय ॲम युअर आई. आई मीन्स मम्मा."

"नो." रडून थकल्यामुळे तो शांतपणे बोलत होता. "यू आर मम्मा. आई इज हर नेम. संजनादीदी सेज इट ऑन द फोन. आई, आई, कॅन यू हिअर मी?"

फोनवर मुलगी हाक मारते, ही ओ देते. म्हणजे हिचं नाव ते. मम्माची जागा कुणी घेतलीच नव्हती. त्याला ती घेता येते हेच माहीत नव्हतं.

नर्सने विचारलं, पाणी हवं का. बहुधा माझा चेहरा बघून.

मी म्हातारीचा रुमाल धुतला, पिळला. मग त्याला म्हटलं, "हर नेम इज कावेरी. कॉल हर कावेरी. देन शी विल कम."

त्याने दाराकडे बघितलं. "कावेरी?"

दार इतक्या जोरात उघडलं की नर्स दचकली. "ओ रे बाळा! ओ, ओ!" कावेरी गुडघ्यांवर आली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, पट्टीवरून बोट न लावता बोट फिरवलं. तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. तनिषने ते सगळं करू दिलं. मग माझ्याकडे बघून, खात्री करून घेतल्यासारखा म्हणाला, "शी केम." आणि तिला, "कावेरी, कॅरी मी."

डोंगर उतरताना बस आली नाही, आम्ही चालत निघालो. कावेरी त्याला घेऊन पुढे. मृणालिनी आणि मी मागे. तिला मजा येईनाशी झाली होती. तिला आता काळजी वाटायला लागली होती, आणि तिची काळजी तिच्या चेष्टेपेक्षा वाईट.

"तुला बोलू का, राग नको मानूस. ही बाई विचित्र आहे गं. तू काहीही सांग, पण पोराच्या डोक्यातून रक्त येतंय आणि ही कठडा धरून उभी? बाईची जात आहे का ही?"

"मीच सांगितलं होतं तिला."

"तू हाकेचं सांगितलं होतंस. रक्ताचं सांगितलं होतंस का? आपलं काळीज असतं की नाही? तुमच्या कंपाउंडमध्ये स्विमिंग पूल आहे ना? आज पायरीवर उभी राहिली, उद्या पुलाच्या काठावर उभी राहील. आणि तुला ऑफिसात फोन करेल, वहिनी, उतरू का म्हणून."

 तो पूल माझ्या डोक्यात शिरला तो गेला नाही. निळा, आमच्या गेटपासून चाळीस पावलांवर. काठावर कावेरी, हात बांधून.

घरी परतलो त्याच आठवड्यात मी दत्तप्रसादला सांगितलं, कावेरीचा व्हिसा रिन्यू करायचा नाही.

"का? तूच म्हणाली होतीस ना तिला, काहीही झालं तरी?"

"म्हणाले होते."

"मग तिने ऐकलं ना?"

"म्हणूनच."

 "बघ बुवा," तो म्हणाला. "घर तुझं डिपार्टमेंट."

कावेरीला मी शुक्रवारी दुपारी सांगितलं, स्वयंपाकघरात. ती भेंडी पुसत होती. तिकीट अकरा तारखेचं काढलंय म्हटलं. शब्द मी आधी तयार केले होते, ऑफिसातले, गुळगुळीत: तनिष आता मोठा होतोय, आमच्या गरजा बदलल्यात. तिने भेंडी पुसणं थांबवलं नाही.

"माझं काय चुकलं, वहिनी? तेवढं सांगा. बोललात तसंच वागले ना मी?"

"त्याच्या कपाळातून रक्त येत होतं, कावेरी."

"तुम्ही म्हणालात काहीही झालं तरी."

"अगं पण इतकं कळायला नको माणसाला? कधी ऐकायचं, कधी नाही?"

"मग किती रक्त आल्यावर जायचं होतं?" तिने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. मीठ किती घालू विचारावं तसं विचारलं. "नाय, मला कळलं नाय म्हणून विचारते. मी तुमच्याकडे बघत होते. दोनदा विचारलं. तुम्ही नुसतं 'हो' म्हणाला असतात..." तिने पुढची भेंडी पुसायला घेतली. "संजनाची अजून दोन वर्षं आहेत, वहिनी. मी त्याला नाय, तिला बघत होते तिथे. त्याचं रक्त बघितलं असतं तर मी राहिले नसते उभी. म्हणून बघितलं नाय."

मी म्हटलं, "झालं ते झालं."

"होय," ती म्हणाली, आणि भेंडीचं देठ कापलं.

अकरा तारखेला अजून दोन आठवडे होते, आणि नवी बाई मिळेपर्यंत मला ऑफिसला जाणं भाग होतं. मी हॉलमध्ये कॅमेरा बसवला. फोनवर दिसणारा, आणि फोनवरून बोलताही येणारा. कावेरीला दाखवला, लपवला नाही. "तनिषसाठी आहे," म्हटलं. तिने मान वर करून नीट बघून घेतला.

सोमवारी साडेदहाला मीटिंगमध्ये मी टेबलाखाली फोन उघडला. तनिष हॉलच्या मधोमध उभा होता, पाय फाकवून. चड्डी ओली झालेली. रडत होता. कावेरी त्याच्यापासून हातभर अंतरावर, हातात कोरडी चड्डी घेऊन. आणि ती वर, थेट माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलले. मी आवाज बंद ठेवला होता. ओठ पुन्हा तसेच हलले. मग ती नुसती उभी राहिली. तनिष तिची बाही ओढत होता. त्याचे ओठही मला वाचता आले. तिचं नाव तो आता बरोबर घेत होता.

मी "सॉरी, घरून फोन आहे," म्हणत खुर्ची मागे सारली, काचेच्या दाराबाहेर आले, आवाज चालू केला.

"वहिनी, सू झालीय त्याला. बदलू?"

"हे काय विचारायचं असतं का, कावेरी?"

ती वाट बघत राहिली.

"बदल," मी म्हटलं. "हो. बदल."

"बरं, वहिनी."

मग ती वाकली. मी परत आत जाऊन बसले. बॉसने विचारलं, सगळं ठीक ना, आणि मी हो म्हटलं. पाच मिनिटांनी फोन पुन्हा उघडला. तनिष स्वच्छ, कोरडा, टेबलापाशी उभा राहून तिला काहीतरी फर्मावत होता. टेबलावर केळं होतं. कावेरीने ते उचललं, सोललं नाही, आणि मान वर केली.